जागल

महाड,
२ जुलै २०२४

चि. संजीवनी,

तुला पाचवा महिना लागल्याचं आईनं सांगितलं. बरं वाटलं. फोन केला नाही, कारण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवतात आणि तुझ्या सासूबाई मधेच उत्तरं देतात. मला विचारायचं आहे ते चौघांत विचारण्यासारखं नाही.

एव्हाना तुझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या असतील. त्यांत हिपॅटायटिस बी नावाची एक असते. ती झाली का आणि निकाल काय, एवढं कळव. बाकीचे निकाल नाही लिहिलेस तरी चालेल. तपासणी झाली नसेल तर करून घे. आमच्या लॅबमध्ये असे नमुने रोज येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण टाळण्यासारखंही नाही.

शुभमरावांना नमस्कार.

प्रियदर्शिनी


वरची वाडी, कापडे
१४ जुलै

ताई,

तुझं पत्र घेऊन पोस्टमन चढण चढून आला, पायरीवर बसून चहा प्याला नि म्हणाला, "सरकारी हाय काय गो?" मी म्हटलं, बहिणीचं. तर म्हणतो, "बहिणी अजून पत्रं लिवतात व्हय?" वाचून झाल्यावर मला वाटलं, त्याचंच खरं. सरकारीच हाय.

तर साहेब, उत्तर असं. नर्सबाई आल्या होत्या. एक नळी रक्त घेतलं, मग दुसरी काढली. म्हणाल्या, ही काविळीच्या तपासणीची. मी म्हटलं, बाई, माझे डोळे बघा, कसे पांढरेशुभ्र हायत. मला उभ्या जन्मात कावीळ झाली नाय. आत्याबाई पण मधे पडल्या, "आधीच पोरीला रगत कमी, तुमी काय घागर भरून नेताव काय?" नर्सबाई हसल्या. पुढच्या वेळी बघू म्हणाल्या. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी लावणीला खाचरात होते. संपलं.

उलट्या होतात का, काय खावंसं वाटतं, हे काय तू विचारलं नायस. मीच सांगते. करवंदाचं लोणचं. रात्रंदिवस.

आता लिहायलाच बसले तर एक लिहिते. परवा भाकरी थापताना आत्याबाई म्हणाल्या, "थोरलीच्या मनास नाय आला माझा शुभम. धाकटीनं पदरात घेतला." हसत म्हणाल्या. मी पण हसले. पण ताई, आपल्या वरंधच्या पडवीत हे पहिल्यांदा येऊन बसले ते तुला बघायला. मी नुसती पोहे देऊन आत गेले. मग तुम्ही दोघं मागच्या अंगणात बोललात. मी चहा घेऊन आले तर गप्प झालात. काय बोललात ते तुझ्याकडून नाय, यांच्याकडून नाय, आजपर्यंत कळलं नाय. तू नको म्हणालीस, चार महिन्यांनी मी हो म्हणाले. लग्नात अक्षता पडल्या नि तू एसटी धरलीस. जेवली पण नायस.

रागावू नको. पोटुशी बाई काय पण बोलते, असं आत्याबाई म्हणतात.

तुझी,
संजू


महाड,
२१ जुलै

चि. संजीवनी,

लग्नाच्या दिवशी मला ड्यूटी होती. अंगणात महत्त्वाचं काही बोलणं झालं नाही.

नर्सबाईंना दिलेलं तुझं उत्तर चुकीचं आहे. त्यात तुझा दोष नाही, नावाचा आहे. डोळे पिवळे होतात ती कावीळ सगळ्यांना दिसते. मी म्हणते ती दिसत नाही. तिला आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात आणि पांढरी म्हणजे हलकी, असं लोक धरून चालतात. आईही तसंच धरते.

प्रत्यक्षात उलटं आहे. विषाणू यकृतात शिरला की शरीराच्या संरक्षक पेशी त्याने धरलेल्या यकृताच्या पेशी मारू लागतात. डोळे पिवळे होतात ते या मारामारीमुळे. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक वेळा शरीर जिंकतं आणि प्रकरण संपतं. पण जन्मताना लागण झाली तर बाळाच्या शरीराला विषाणू हुसकावता येत नाही आणि तो मुक्कामाला राहतो. रक्तात स्वतःच्या कवचाचे तुकडे सतत सोडत राहतो. पेशींना जिकडेतिकडे शत्रूच दिसतो, विसावा म्हणून मिळत नाही.

जागलीसारखं आहे हे. पीक तयार झालं की रात्रभर शेतातल्या उंच माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवतात. पहिल्या रात्री डुकरं डब्याला पळतात. चौथ्या रात्री डबा त्यांच्या ओळखीचा होतो. पुढे वाजवणाऱ्याचाच हात उचलत नाही. मग माणूस माळ्यावर असतो, डबा हातात असतो आणि डुक्कर खाली निवांत खात असतं.

पेशींचंही तसंच होतं. त्यातल्या काही मरतात, उरतात त्या दमतात. रक्तात त्या असतात, शत्रूला ओळखतात, पण मारत नाहीत, नव्या पेशींनाही नीट हाक घालत नाहीत. ताप नाही, दुखणं नाही, पिवळेपणा नाही. पुढे कधीतरी, तिशीत किंवा पन्नाशीत, यकृत आतून घट्ट होत जातं.

माझ्या ओळखीच्या एका मुलीला हे आहे. तिला कधी ताप आलेला आठवत नाही. दिसायला ती तुझ्यामाझ्यासारखीच आहे.

तुला असेल असं मी म्हणत नाही. पण असेल तर बाळाला जन्मल्यावर बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं द्यावी लागतात. एक लस, दुसरं तयार प्रतिपिंडांचं. ती आधी मागवून ठेवावी लागतात. तुलाही सातव्या महिन्यापासून गोळी लागू शकते. हे सगळं आधी कळलं तरच जमतं. आईचीही तपासणी करून घे.

शुभमरावांना नमस्कार.

प्रियदर्शिनी


वरची वाडी, कापडे
४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पेशींचं कळलं तेवढं कळलं. पण पत्र्याचा डबा मला चांगला कळला.

"चौथ्या रात्री डबा त्यांच्या ओळखीचा होतो." हे यांचं वाक्य हाय. दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला माळ्यावरून आले की पाय धुताना सांगतात. "डुक्कर खाली निवांत खातं" हे पण यांचंच, असंच, निवांत वर जोर देऊन. आपल्या वरंधच्या घरात कोणी कधी जागलीला गेलंय काय गो? बाबा तर एसटीच्या डेपोत होते. तू माळा बघितलास कधी?

म्हणजे अंगणात हे बोलणं झालं. महत्त्वाचं काही नाय म्हणतेस, नि अडीच वर्षं शब्दाला शब्द धरून ठेवलायस. मी काल दिलेला निरोप तू विसरशील, पण हे नाय विसरलीस.

आता मला सगळी संगती लागली. तू नको म्हणालीस तेव्हा तुला वाटलं असेल, शेतावरचा माणूस, कंपनीत शिफ्ट करतो, आपण एम.एस्सी. मग मी सुखात राहिलेली बघून जीव चरफडला. आता पाचव्या महिन्यात मला सांगतेस, तुझ्या अंगात काय तरी हाय, ते दिसत नाय, दुखत नाय, पण हाय. नि बाळाला देशील. कुठल्या बहिणीनं असं लिहावं? ओळखीची मुलगी म्हणे! तुला ओळखीची मुलगी हाय कोण? कॉलेजपासून एक मैत्रीण घरी आणली नायस.

हे जर मी घरात काढलं तर आत्याबाई काय म्हणतील ते तुला ठाऊक हाय. म्हणतील, दुखणं लपवून पोरगी दिली. तेच व्हावं असं तुला वाटत असेल तर तसं लिही.

आईला मी नुसतं "पांढरी कावीळ" एवढंच बोलले. तिनं लगेच कुशाबा वैदूकडून दोन माळा आणल्या, एक मला नि एक तिला. डोक्यावर घालायची, कावीळ उतरते तशी माळ लांबते, पायातून खाली पडली की माणूस बरा. माझी दोन दिवसांत खांद्यावर आली. तेव्हा तुझी तपासणी झाली समज.

मी नळी देणार नाय.

संजीवनी


महाड,
९ ऑगस्ट

संजू,

ओळखीची मुलगी मी आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये लॅबच्या नियमाप्रमाणे मला लशीचे डोस पुरे झाले. नंतर प्रतिपिंड मोजतात, ते शून्य आले. लस का लागली नाही हे बघायला विषाणूची तपासणी केली. आहे. मी तीन वेळा केली, तिसऱ्यांदा दुसऱ्या यंत्रावर. लस लागली नव्हती, कारण ज्यांनी ती ओळखायची त्या पेशी आधीच दमलेल्या होत्या. बहुधा जन्मापासून. खात्रीने सांगता येणार नाही, पण तुझी आणि माझी आई एक आहे, आपण दोघी घरी जन्मलो आणि त्या वेळी ही लस गावात कोणालाच मिळत नव्हती. म्हणून तुझी तपासणी. आईला बोल लावू नकोस. तिलाही ते तिच्या आईकडून आलं असेल.

तिसरा निकाल आला आणि पुढच्या महिन्यात शुभमराव वरंधला आले. मी विचारलं, शेतावर काय काम असतं. त्यांनी जागल सांगितली. एवढंच बोलणं झालं. मी शेतावरच्या माणसाला नको म्हटलं नाही. नवऱ्याला लस दिली की धोका जवळजवळ उरत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दिवसातून दहा जणांना मी ते समजावून सांगत होते. स्वतःबद्दल एका माणसाला सांगणं जमलं नाही. म्हणून नोकरीचं कारण पाठवलं.

हेवा वाटतो का? वाटतो. मोजता येत नाही म्हणून लिहिला नव्हता. तुझ्या बाळाचा नाही. जागलीला जाताना कोणीतरी मागे वळून "कवाड लावून घे" म्हणत असेल, त्याचा वाटतो. लग्नात जेवले नाही ते त्यामुळे.

पण माझा हेवा ही एक नळी आहे आणि तुझी तपासणी ही दुसरी. त्यांची सरमिसळ करू नकोस. पहिली फेकून दे, चालेल. दुसरी दे. सातवा महिना लागण्याआधी.

माळेबद्दल. ती ओल्या देठांच्या तुकड्यांची असते. तुकडे वाळून आक्रसतात, गाठी सैलावतात, माळ लांबते. कोणाच्याही डोक्यावर लांबेल.

हे पत्र जाळ किंवा ठेव. कोणाला दाखवायचं ते तू ठरव.

प्रियदर्शिनी


वरची वाडी, कापडे
२२ सप्टेंबर

ताई,

दीड महिना लिहिलं नाय. आधी रागानं, मग लाजेनं, मग कामानं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काय केलं सांगू? आई तिची माळ इथंच विसरून गेली होती, वाळू नये म्हणून ओल्या फडक्यात ठेवलेली. ती चुलीच्या वरच्या खुंटीला अडकवली. चौथ्या दिवशी खाली राखेत पडली. मी आत्याबाईंना बोलावून दाखवली. म्हटलं, "खुंटीची कावीळ उतरली बघा." त्या म्हणाल्या, "आगाव हायस." पण दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना त्यांनीच निरोप धाडला.

हाय, ताई. मला पण हाय. पोलादपूरच्या दवाखान्यात सांगितलं, मग विषाणू मोजायला नमुना पुढं पाठवला, आकडा मोठा आला. गोळी चालू झाली. आईला पण हाय. ती दोन दिवस देवापाशी दिवा लावून बसली. तिचं यकृत तपासायला तूच ने, मला आता गाडीवर बसवत नाय.

आता यांचं. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. दवाखान्यातून येताना मी गाडीवर मागं बसून सांगितलं, तोंड दिसू नये म्हणून. पोलादपूरच्या फाट्यावर गाडी थांबवली नि म्हणाले, "काय करायचं ते डाक्टरनं सांगितलंय ना? मग झालं तर. भूक लागलीय, वडापाव खाऊ." मी तिथं रस्त्यावर रडले नि दोन खाल्ले. त्यांचं रक्त दिलं, त्यांना नाय. लस घेताना बाही वर करून नर्सबाईंना म्हणतात, "बायको एवढी गळ्यात पडली, तरी आमाला काय लागलं नाय बघा." आत्याबाईंनी एक दिवस माझं ताट वेगळं काढलं. हे आले नि माझ्याच ताटात जेवायला बसले. ताटानं नाय होत, रक्तानं होतं, हे तुझ्या पत्रातलं म्हणून नाय, नर्सबाईंचं म्हणून मी आत्याबाईंना सांगितलं.

कारण तुझं पत्र मी जाळलं. यांना तुझं काय सांगितलं नाय. तुझी अब्रू राखली असं समजू नको. मी माझ्यासाठी केलं. यांना अजून वाटतं तू त्यांना नाकारलंस. खरं कारण कळलं तर हे म्हणतील, एवढंच होतं? असं म्हणणारा माणूस हाय तो, आता मला ठाऊक झालंय. मग जेवताना, झोपताना, मला बघताना त्यांच्या मनात ते येत राहील. मला ते नको हाय. तुला सांगायचं तर सांग, तुझं तोंड मी धरू शकत नाय. पण मी नाय सांगणार.

मी वाईट असेन तर असू दे. तू लपवलंस तेव्हा मला नवरा मिळाला. आता मी लपवते.

महाडलाच बाळंतपण करायचं ठरलंय. ती दोन इंजेक्शनं तू बघ. त्यात मला दुसऱ्या कोणाचा भरवसा नाय.

तुझी,
संजू


महाड,
२६ नोव्हेंबर

संजू,

तुझ्या बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी लिहिते आहे. त्याच दिवशी लिहिलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

नोंदीसाठी: मुलीला दोन्ही इंजेक्शनं पहिल्या तासातच मिळाली. बर्फाचा डबा मी स्वतः लॅबच्या फ्रीजपासून प्रसूतिगृहापर्यंत आणला, वाटेत कोणाच्या हातात दिला नाही. पुढच्या डोसांच्या तारखा तुझ्या पिशवीत ठेवल्या आहेत. अंगावर पाजायला हरकत नाही. गोळी मनाने बंद करू नकोस, डॉक्टर सांगतील तेव्हाच. नऊ महिन्यांनंतर मुलीची तपासणी मी करीन. आईचं यकृत तूर्त ठीक आहे, माझंही. माझं मी तिला सांगितलं आहे, आता दर सहा महिन्यांनी आम्ही दोघी बरोबर जाणार आहोत. परवा रांगेत तिने मला विचारलं, "तुला पण माळ आणू काय?" मी म्हटलं, खुंटीला आण. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

तू झोपली होतीस तेव्हा बाहेरच्या बाकावर शुभमराव माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी पेढे आणले होते आणि डबा उघडायचा विसरले होते. म्हणाले, "ताई, तुम्हाला या रोगाचं एवढं बारीकसारीक ठाऊक कसं हो?" तू लिहिलं होतंस की माझं तोंड तू धरू शकत नाहीस. तोंड माझं होतं आणि विचारणारा शेजारी बसला होता. मी म्हटलं, "माझं कामच ते आहे."

मग तेच म्हणाले, "तुम्ही त्या वेळी नाय म्हणालात, तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण बरं झालं बघा. नायतर ही कुठनं भेटली असती?" ते मनापासून बोलत होते. हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे. यापुढे सासूबाई भाकरी थापताना काही म्हणाल्या तर हे वाक्य आठव. माझ्या लेखी जे एवढं मोठं कारण होतं ते त्यांच्या लेखी दोन वडापावांत संपलं, हेही मी त्या बाकावर बसून पाहिलं. त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन. तू लपवलंस त्याबद्दल मला राग नाही. तसंच राहू दे.

मुलीचे डोळे त्यांच्यासारखे आहेत. हे मला कोणी सांगायची गरज नाही, मी पाहिले.

बसून बसून त्यांनी पेशींचं विचारलं. दमतात म्हणजे काय होतं? मी सांगू लागले, तर मला थांबवून म्हणाले, "म्हणजे आमच्या जागलीसारखं." आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. पहिली रात्र, चौथी रात्र, निवांत वर जोर. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. शेवटी विचारलं, "मग अशा वेळी करता काय?"

"काय करणार?" ते म्हणाले. "दमलेल्याला खाली उतरवायचं, झोप बाबा म्हणायचं. नि ताज्या दमाचा माणूस माळ्यावर चढवायचा."

अंगणात एवढंच सांगायचं राहिलं होतं. तू चहा घेऊन आली होतीस.

ताई